घर रिकामं ठेवायचं नाही

फेलित्सियाबाईंकडे खोली भाड्याने घ्यायची तर अट एकच होती: घर कधीही रिकामं राहता कामा नये. दोघींपैकी एकीने आत असायलाच हवं. भाडं अगदी नाममात्र. वॉर्सामध्ये, तेही मोकोतूवसारख्या वस्तीत एवढ्या पैशात सायकल ठेवायलाही कोणी जागा देत नाही. त्यामुळे एतेरीने फार विचार न करता मान डोलावली होती. म्हातारी माणसं म्हटली की काहीतरी खूळ असायचंच. कुणी मांजरं पाळतं, कुणी डॉक्टरशी भांडतं.

पण हे खूळ सांभाळताना तिच्या नाकी नऊ आले. जॉर्जियात ती चांगली शिकलेली नर्स होती. इथे पोलिश भाषेची परीक्षा पास होईपर्यंत तिला इस्पितळात मदतनीस म्हणून चादरी बदलाव्या लागत होत्या. इस्पितळातली पाळी, भाषेचा वर्ग, बाजारहाट, सगळं फेलित्सियाबाईंच्या वेळा बघून बसवायचं. रविवारी बाई प्रार्थनेला गेल्या की एतेरी घरात. बाई परत आल्या की एतेरी धावत सुटणार. दोघी मिळून कधी बागेत गेल्या नाहीत की कोपऱ्यावरच्या दुकानात एकत्र आइस्क्रीम खाल्लं नाही. तळमजल्यावरचे झेनोन, जन्मभर ट्राम चालवून निवृत्त झालेले, जिभेला हाड नसलेले गृहस्थ, जिन्यात भेटले की म्हणायचे, "काय गं, बाईंनी तुला भाडेकरू म्हणून ठेवलंय की कुलूप म्हणून?"

"कुलपाला पगार नसतो," एतेरी म्हणायची, "मला निदान सूप मिळतं."

अट का, हे तिने कधी विचारलं नाही. आपल्याला कुणी खोलात विचारू नये असं ज्याला वाटतं, तो दुसऱ्यालाही विचारत नाही. इथल्या लोकांना ती जॉर्जियाची आहे एवढं पुरायचं. मग ते तिथली वाइन आणि डोंगर यांचं कौतुक करायचे, आणि ती हसून घ्यायची. ती मुळात समुद्राकाठच्या सुखुमीची आहे आणि त्या गावाला आता तिला परत जाता येत नाही, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

जूनमध्ये मागच्या अंगणात गरम पाण्याचा नळ बदलायला खड्डा खणला आणि खणणाऱ्या यंत्राचा दात लोखंडावर आपटला. लोखंड नळाचं नव्हतं. युद्धातला बॉम्ब होता, न फुटलेला, चांगला गलेलठ्ठ. वॉर्सात याचं कुणाला फार नवल नाही. बटाटे निघावेत तसे ते अधूनमधून निघतच असतात. दुसऱ्या दिवशी सकाळीच पोलीस घरोघर फिरले: सगळ्यांनी बाहेर पडायचं, बसगाड्या उभ्या आहेत, शाळेच्या व्यायामशाळेत बसायचं. इमारती पूर्ण रिकाम्या झाल्याशिवाय सैन्याचे लोक बॉम्बला हात लावणार नाहीत.

बारा वाजेपर्यंत आजूबाजूच्या साऱ्या इमारती रिकाम्या झाल्या. उरलं एक घर. दुसरा मजला, डावीकडचं दार.

"आजी," दारात उभा असलेला तरुण पोलीस गोड आवाजात म्हणाला, "संध्याकाळपर्यंत तर घरी परत याल! काही न्यायचीही गरज नाही."

"मी तुझी आजी कधी झाले?" फेलित्सियाबाई आतून म्हणाल्या. "आणि हे वाक्य मी आधी ऐकलंय. तेव्हा जर्मनमध्ये ऐकलं होतं."

पोलिसाचा चेहरा उतरला. बिचाऱ्याने गोड बोलायचं म्हणूनच ते वाक्य निवडलं होतं.

खालून झेनोन ओरडले. त्यांच्या हातात टोपली होती आणि टोपलीत संतापलेलं मांजर. "अहो फेलित्सियाबाई! सगळी वस्ती तुमच्यापायी खोळंबलीय! तो बॉम्बसुद्धा कंटाळला असेल!"

"इतकी वर्षं थांबलाय, अजून थोडा थांबेल!" बाईंनी वरूनच उत्तर दिलं.

पोलिसाने एतेरीला जिन्यात बाजूला घेतलं. त्याचा आवाज आता गोड नव्हता, पण वाईटही नव्हता. "हे बघा ताई, मला वरून हुकूम आहे. अर्ध्या तासात त्या आल्या नाहीत तर आम्हाला खुर्चीसकट उचलून न्यावं लागेल. मलाही ते नको आहे."

बाईंच्या हृदयाची झडप कामातून गेलेली होती, औषधं तीच देत होती. चार दांडगे पोलीस नव्वदीला टेकलेल्या बाईला धरून जिन्यावरून नेताहेत आणि बाई किंचाळताहेत, हे चित्र तिला स्पष्ट दिसलं. त्यातून बाई वाचल्या तरी मनाने वाचणार नाहीत, याची तिला खात्री होती. त्या बाहेर पडल्या तर स्वतःच्या पायांनीच पडायला हव्यात.

फेलित्सियाबाई स्वयंपाकघरात नव्या बटाट्यांची सालं खरवडत बसल्या होत्या. शेगडीवर शेपू घातलेला कोबी होता. काही घडतच नसल्यासारखं चाललं होतं.

"तू जा," मान वर न करता त्या म्हणाल्या. "मी आहे घरात. एकीने थांबायचं ठरलंय ना आपलं? आज माझी पाळी."

"बाई, आज दोघींनाही जायचंय."

"मग घरात कोण राहणार?"

"कोणी नाही."

बाईंनी सुरी खाली ठेवली. "तुला माहीत नाही म्हणून बोलतेस. मी आठ वर्षांची होते. शहराने जर्मनांविरुद्ध केलेला उठाव संपला, त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे, काही न्यायची गरज नाही म्हणाले. आणि माझ्या आईने काय केलं असेल? फरशी धुतली! सैनिक दारात उभा, आणि ही गुडघ्यांवर बसून फरशी पुसतेय. परत आल्यावर घर घाण दिसायला नको म्हणून! मला मोजे घालून भिंतीच्या कडेकडेने बाहेर काढलं. ओल्या फरशीवर पाय उमटतील म्हणून ओरडलीसुद्धा." त्या हसल्या, पण ते हसू कडू होतं. "आम्ही गेल्यावर त्यांनी एकेक रिकामं घर निवडून पेटवून दिलं. नुसती जळकी भिंत उरली होती. रिकामं घर जळतं, पोरी. माणूस आत असलं की निदान कुणी दोनदा विचार करतं."

"करत नाही," एतेरी म्हणाली.

ती हे बोलून गेली आणि स्वतःच दचकली. एवढी वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट अशी भर दुपारी, बटाट्यांच्या सालांसमोर निघेल असं तिला वाटलं नव्हतं. पण आता माघार घेणं शक्य नव्हतं. ती बाईंच्या समोर बसली.

"माझ्याही गावात युद्ध झालं. मी सात वर्षांची होते. आम्हाला बोटीवर चढवलं, मला आणि आईला. बाबा धक्क्यापर्यंत आले. म्हणाले, दोन आठवड्यांत सगळं शांत होईल, मी घर राखतो. घर रिकामं ठेवायचं नाही, म्हणाले. हेच शब्द, बाई. तुमचेच."

बाईंनी सालं हाताने बाजूला सारली.

"घर उभं आहे," एतेरी म्हणाली. "मावशीच्या ओळखीच्या कुणीतरी फोटो पाठवला होता. छप्पर तेच, फाटक हिरवं रंगवलंय. दुसरे कोणीतरी राहतात. द्राक्षाचा मांडवसुद्धा आहे. घराला काही झालं नाही. बाबांना मारलं. त्याच घराच्या दारात. त्यांनी घर राखलं आणि घराने त्यांना राखलं नाही."

खालून झेनोन पुन्हा काहीतरी ओरडले, मांजरही ओरडलं.

एतेरीला रडू येत नव्हतं, राग येत होता. त्या घराचा, बाबांचा आणि समोर बसलेल्या या हट्टी म्हातारीचा. "मी इथे तीन हिवाळे तुमचं घर राखलं. वर्ग बुडवले, पण राखलं. का ते विचारलं नाही. पण आज तुम्हाला आत ठेवून मी त्या बसमध्ये बसणार नाही. मी एकदा एका माणसाला घर राखायला सोडून निघालेय. तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. आज मी मोठी आहे. तुम्ही थांबलात तर मीही थांबते. मग त्या पोलिसाला दोघींना उचलावं लागेल, आणि मी काही हलकी नाही."

"संध्याकाळी परत येऊ, असं म्हणत नाहीस तू," फेलित्सियाबाई हळूच म्हणाल्या.

"मला माहीत नाही येऊ की नाही. खोटं कशाला बोलू?"

बाई टेबलाला हात टेकून उठल्या, शेगडी बंद केली आणि म्हणाल्या, "माझे बाहेरचे बूट कुठे आहेत? आणि हे बटाटे पाण्यात बुडवून ठेव, काळे पडतील."

एतेरीचा जीव भांड्यात पडला. पण अजून एक अडचण होती. हे दार बाहेरून कधी बंदच झालेलं नव्हतं. साठ वर्षं आत कुणी ना कुणी होतंच. बाई इस्पितळात होत्या तेव्हासुद्धा झेनोनच्या बायकोने इथे बसून विणकाम केलं होतं. किल्ली होती, पण कुलपात ती फिरेना. बाईंनी सूर्यफुलाचं तेल आणायला लावलं. पोलिसाने टोपी काढली, दोन्ही हातांनी किल्ली धरली आणि दात-ओठ खात फिरवली. खट्ट आवाज झाला तशा फेलित्सियाबाईंनी एतेरीचा दंड घट्ट पकडला. जिना उतरेपर्यंत तो सोडला नाही.

खाली झेनोननी टोपलीसकट सलाम ठोकला. "राणीसाहेब निघाल्या एकदाच्या!"

"तुम्ही मांजर सांभाळा," बाई म्हणाल्या, "त्याला तुमच्यापेक्षा अक्कल आहे."

व्यायामशाळेत लहान मुलांचे ठेंगणे बाक होते. त्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांचे गुडघे हनुवटीला लागत होते. कुणी पत्ते काढले, कुणी काकडीचं लोणचं आणि पाव वाटला. लोक चक्क मजेत होते, सहलीला आल्यासारखे. फेलित्सियाबाई मात्र हातांत हात घट्ट धरून बसल्या होत्या. मोठ्या गाडीचा आवाज आला की त्यांचे खांदे आखडायचे. एतेरीने त्यांची नाडी पाहिली, गोळी दिली.

बऱ्याच वेळाने बाईंनी विचारलं, "काय करायचे तुझे बाबा?"

"बंदरावर क्रेन चालवायचे. रविवारी मासे तळायचे आणि घरभर धूर करायचे. आई चिडायची."

"नाव काय त्यांचं?"

"ओतार."

"ओतार," बाईंनी एकदा म्हणून पाहिलं, जिभेला सवय करावी तसं. "माझी आई मारिआना. तीही फार चिडायची."

बाईंचे हात सैल झाले होते. एतेरीला किती वर्षांनी कुणाजवळ तरी ते नाव उच्चारून बरं वाटलं, इतकं बरं की तिला त्याची लाजच वाटली. झेनोननी लोणच्याची बरणी पुढे केली आणि पहिल्यांदाच काही थट्टा केली नाही.

ऊन कलल्यावर एक अधिकारी आला. बॉम्ब काढून गाडीतून शहराबाहेर नेला, सगळे आपापल्या घरी जाऊ शकता, म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि दाराकडे धाव घेतली. फेलित्सियाबाई बसूनच राहिल्या.

"गर्दी जाऊ दे," त्या म्हणाल्या.

गर्दी गेली, बाक रिकामे झाले, तरी त्या उठेनात. एतेरीने घाई केली नाही. तिचेही पाय जड झाले होते, आणि का ते तिला पुरतं ठाऊक होतं. घर सोडून निघायचं कसं, हे दोघींना लहानपणीच कळलं होतं. परत जायचं कसं, हे दोघींनाही कुणी शिकवलेलं नव्हतं. शेवटी शाळेचा शिपाई झाडू घेऊन आला आणि दोघींकडे टक लावून पाहत उभा राहिला, तेव्हा त्यांना उठावंच लागलं.

इमारत जागेवर होती. जिना होता. दुसऱ्या मजल्यावर डावीकडे दार होतं. एतेरीने किल्ली फिरवली, या वेळी तेलामुळे ती मुकाट्याने फिरली. दार आत ढकलल्यावर कोबीचा आणि शेपूचा वास आला.

फेलित्सियाबाई उंबरठ्याबाहेरच थांबल्या. आत डोकावून पाहत म्हणाल्या, "आत कोणी नव्हतं."

"नव्हतं."

"आणि घर आहे."

"आहे, बाई."

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. एतेरीने त्यांना आत नेण्यासाठी हात पुढे केला, तर त्यांनी तिलाच पाठीवर हात ठेवून पुढे ढकललं. "आधी तू जा. मी माझ्या आईला, मागच्या सगळ्यांना घेऊन येते."

एतेरी आत गेली. बूट काढले. सगळं जिथल्या तिथे होतं, पाण्यातले बटाटेसुद्धा. आणि घरातल्या अंधारलेल्या बोळात उभी असताना तिच्या तोंडून आपोआप, तिच्या स्वतःच्या भाषेत निघालं, "बाबा, मी आले." तिचा आवाज सात वर्षांच्या मुलीचा होता. तिने भिंतीला कपाळ टेकवलं आणि मग ती रडली.

फेलित्सियाबाईंना ती भाषा येत नव्हती. त्या हळूहळू आत आल्या, तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. जिन्यातून वारा येत होता, म्हणून एतेरी डोळे पुसत दार लावायला वळली.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "थोडा वेळ उघडंच राहू दे. मागे राहिलेली माणसं हळू चालतात."