भिंतीवरचा रंगीत पट्टा

घरात मूल आजारी पडलं की आपण आधी काय शोधतो? औषध, की अपराधी? कळस गावच्या म्हाळसाबाईंच्या घरात अपराधी आधी सापडला. त्यांचीच सून, स्वप्नाली.

शहाण्णव सालचा मार्गशीर्ष. बाळ तीन महिन्यांचं. आठवडाभर रोज सकाळी ऊन छपरावरून अंगणात उतरलं की पाळण्यावरच्या भिंतीवर एक रंगीत पट्टा उमटायचा. तांबडा, पिवळा, हिरवा, जांभळा. थरथरायचा आणि घटकाभरानं निघून जायचा. त्यातच बाळाला ताप आला. देवऋषी तात्याबानं येऊन पट्टा बघितला आणि करणी सांगितली.

"बाहेरून आल्यालीच्या पावलानं आलंय हे. पाच दिस लेकरू आईच्या अंगाला लावायचं न्हाय."

झालं! बाळ सासूजवळ, चमच्यानं शेळीच्या दुधावर, अर्धपोटी. स्वप्नाली चुलीपुढं. बाळ रडलं की तिची चोळी भिजायची. पदर ओढून ती भाकरी थापत राहायची. दुसरं काय करणार?

"अहो, तुमी तरी बोला की आत्यांशी," तिनं नवऱ्याला विनवलं.

राम जळोचीला गवंडीकामावर जायच्या घाईत होता. थंडी पडल्यापासून तो अंगणातच, कढत पाण्याचं घंगाळ घेऊन दाढीला बसायचा. "आईपुढं माझं काय चालतंय?" असं म्हणून त्यानं साबण सुटावा म्हणून रोजच्यासारखा आरसा घंगाळात तिरका ठेवला आणि एस.टी. गाठायला निघाला.

तिसऱ्या दिवशी गावोगाव बांगड्या भरणाऱ्या रशीदाभाभी आल्या. स्वप्नालीचा हात हातात घेताच त्या थबकल्या.

"आगं, हात केवढा वाळला! आन् बाळ का रडतंय आत?"

म्हाळसाबाईंनीच त्यांना आत नेऊन भिंत दाखवली.

"ही करणी व्हय?" रशीदाभाभी हसल्या. "ही तर रोज माझ्या टोपलीत असती! काचेवर ऊन पडू द्या नुसतं."

"बांगड्यांचं कवतिक बाजारात सांग. लेकरू तापानं फणफणलंय माझं."

"म्हणूनच सांगते, काकू."

रशीदाभाभींनी पट्ट्यापुढं तळहात धरला. रंग हातावर आले. मग ते हातावरून निसटू न देता त्या उलट्या पावलांनी सरकत गेल्या, उंबऱ्याबाहेर, अंगणात, थेट घंगाळापर्यंत!

"आता पाण्यात बोट घाला, काकू, आन् भिंतीकडं बघा."

म्हाळसाबाईंनी भीत भीत बोट घातलं. आत भिंतीवरचे रंग फुटले, नाचले. "अगं बया!" रशीदाभाभींनी आरसा उचलला. भिंत कोरी!

"ऊन पांढरं दिसतंय, पर त्यात समदे रंग असत्यात. पाण्यातनं जाताना ते येगळं हुत्यात, आरसा त्यास्नी भिंतीवर टाकतो. कुणाच्याबी घरात करून बघा. आन् हा आरसा हितं ठिवला कुणी?"

म्हाळसाबाईंनी आरसा हातात घेतला. मग हळूच म्हणाल्या, "रामनं."

"मग उपाशी कुणाला ठिवलं?"

म्हाळसाबाई आत गेल्या आणि त्यांनी बाळ आणून सुनेच्या मांडीवर ठेवलं. "चुकलं माझं, पोरी." पण बाळानं तोंड फिरवलं. तीन दिवसांत त्याला चमच्याची सवय लागली होती. स्वप्नाली नुसती बघत राहिली. तिच्या दुधाचे थेंब त्याच्या ओठांवर पडत होते. किती वेळ गेला कोण जाणे! अखेर त्यानं ओठ हलवले.

दुपारच्या गाडीनं सासू-सून बाळाला घेऊन इंदापूरच्या दवाखान्यात गेल्या. औषध लिहून देता देता डॉक्टरांनी विचारलं, "आईचं दूध का तोडलं?"

बंधू-भगिनींनो, न कळणारं काही दिसलं तर आधी त्याचं कारण शोधा. दोष द्यायला घरातलं सगळ्यात दुबळं माणूस शोधू नका. आणि रामसारखे गप्पही बसू नका. रंग कुठून आले हे कळायला एक तळहात पुरला. त्या लेकराची तीन दिवसांची भूक मात्र कुणालाच परत भरून देता आली नाही.