रुख्मिणीबाईचा कडू वाटा

गोधडीला मुंग्या लागल्या आणि रुख्मिणीबाई पकडली गेली. सून शिलानं गोधडी झटकली, तर उशाखालून गुळाचा खडा घरंगळत आला.

आखाडा बाळापूरच्या अलीकडच्या बंजारा तांड्यातली ही गोष्ट, दोन हजार सात सालची. तालुक्याच्या डॉक्टरनं रुख्मिणीबाईच्या रक्तात साखर काढली होती. "गोड बंद," एवढंच तो म्हणाला. मग खायचं काय, हे सांगायला त्याला सवड नव्हती. गरिबाला काय बंद हे सांगायला कुणालाच वेळ लागत नाही.

तेव्हापासून तिच्या तोंडाची मालकी साऱ्या घराकडं गेली. पोरगा देविदास ताटात डोकावायचा. शिला तिचा चहा आधी स्वतः चाखून बघायची. शेजारची मोतीबाई तर अंगणातून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायची, "रुख्मिणी, आज काय चोरलंस गं?" जन्मभर दुसऱ्यांच्या ताटात वाढत आलेल्या बाईला एका खड्यापायी चोर ठरवलं. आजारी माणसाला कुणीही उठावं नि बोलावं, हा आपल्याकडचा कायदाच आहे.

दिवाळीनंतर लेक संगिता माहेरी आली. औरंगाबादला दवाखान्यात नर्स होती. तिनं आईला आडोशाला घेतलं आणि पिशवीतून चॉकलेटच्या चार मोठ्या वड्या काढल्या. काळ्याभोर.

"याडी, हे औषध न्हाई बरं," ती म्हणाली. तांड्यात आईला याडीच म्हणतात. "ह्याच्यात बी साखर हाय, पण थोडी. जेवण झाल्यावर एक तुकडा. चावायचा न्हाई, जिभेवर ठेवायचा. गूळ मात्र बंद. ज्वारीची भाकर, भाजी, डाळ बराबर खायची, चालायचं. अन् घरात सांगून खा."

पहिल्या तुकड्याला रुख्मिणीबाईचं तोंड वाकडं झालं. जिभेवर करपलेल्या दाण्यासारखी चव पसरली. थुंकणारच होती, पण लेकीनं आणलेलं म्हणून थांबली. थांबली, तर कडूच्या मागून हळूच गोडवा आला, थोडासा, लाजत आल्यासारखा. गुळाचा एक खडा तोंडात गेला की तिला दुसरा लागायचा. ह्याचं तसं नव्हतं. तुकडा विरघळला की तोंडच म्हणायचं, बास झालं. कितीतरी दिवसांनी जेवण पुरं झाल्यासारखं वाटलं.

लेकीचं सगळं तिनं ऐकलं, फक्त घरात सांगितलं नाही. सांगितलं की हेही हिसकावून घेतील, ही भीती. वड्या तिनं पेटीत जुन्या घागऱ्याखाली दडवल्या.

आठवडी बाजाराच्या दिवशी ती बाळापूरला गेली होती. देविदासनं रेशनकार्डासाठी पेटी उपसली आणि उरलेल्या वड्या हाती लागल्या. त्याचं डोकंच फिरलं. तांड्यात बकरं कापलं तर घरटी सारखा वाटा पडतो. लेक माहेरी खाऊ घेऊन आली, तर तोही तसाच वाटायचा. आपल्या घरात खाऊ लपवून ठेवला म्हणजे तांड्यासमोर नाक कापलं गेलं! त्यानं अंगणात पळसाची पानं मांडली, विळ्यानं वड्या फोडल्या आणि घरोघर वाटे पोचवले.

थोड्या वेळानं सगळा तांडा थुंकू लागला.

"इख वाटून राहिला का रे देविदास?" मोतीबाई पान नाचवतच आली. "घे तुजा वाटा वापस!" लेकरं ब्या ब्या करत पाण्याला पळाली. तांड्याचा प्रमुख, नाईक फुलसिंग, स्वतः आला. तुकड्याला हात न लावता पान ओट्यावर ठेवून गेला. एकेक करून जवळजवळ सगळेच वाटे परत आले.

तेवढ्यात रुख्मिणीबाई बाजारातून आली. पानं पाहिली आणि डोक्यावरची पाटीही उतरवायची विसरली.

"ते माजं हाय," ती म्हणाली.

"साखर असून चाकलेट?" देविदास ओरडला. "अन् लपून?"

"लपून, व्हय! काहून लपून, ते इचार ना. घास उचलला की चार डोळे माज्या हातावर. संगितानं दिलंय, जेवणावर एक तुकडा. त्याच्यावर एक बी खाल्ला न्हाई मी. मरायचं असतं तर गूळ होताच की डब्यात."

देविदास काही बोलणार, तोच शिला पुढं झाली. "गूळ पंधरा दिस हलला न्हाई," ती हळू म्हणाली. "मी रोज पाहून राहिले. म्हणलं, याडी सुधरली कशी?" तिनं पानावरचा एक तुकडा उचलून तोंडात टाकला. तिचे डोळे बारीक झाले, नाक मुरडलं. "अगं माय! हे चोरून खायला बी हिंमत लागती."

देविदासला हसू आवरेना. हसता हसता त्यानं आईच्या डोक्यावरची पाटी उतरवून घेतली. माफी वगैरे आपल्याकडं कोण मागतं! शिलानं न उष्टावलेले वाटे निवडून कागदात बांधले आणि पुडी सासूच्या हातात दिली. "तुमीच ठेवा. मी इचारणार न्हाई."

सांजेला जेवण झालं. रुख्मिणीबाई ओट्यावर बसून उघड्यावर आपला तुकडा चघळत होती. मोतीबाई आली, पण आवाज खाली होता.

"रुख्मिणी, ते कडू... मला दे की जरासं."

"इख हाय म्हणलीस ना?"

मोतीबाईनं आजूबाजूला पाहिलं. "तहान लई लागती गं. रातीला सारखं उठावं लागतं. घरात बोलले न्हाई. तुजे हाल पाहिले ना मी."

ह्याच मोतीबाईच्या ओरडण्यानं किती दिवस रुख्मिणीबाईचा जीव नकोसा केला होता. टोमणा जिभेवर आला, तिनं तो तुकड्याबरोबर विरघळू दिला. मग पुडीची घडी घालून कमरेला खोचली.

"हे न्हाई देणार. आदी उद्या माज्यासंग तालुक्याला चल, रगत दाखवू. अन् डाक्टरनं गोड बंद म्हणलं, तर उठायचं न्हाई. खायचं काय, ते सांग म्हणायचं."

"तो वरडंल की."

"वरडू दे. तुला बी येतंच की वरडायला."