पाण्याशी वाकडं असलेला कागद

मित्रांनो, मी कागद आहे खरा, जुनाही आहे, पण माझ्यावर आजवर कोणी एक अक्षर लिहिलेलं नाही. मी काळाकुट्ट, पोस्टाच्या तिकिटाएवढा, कार्बनच्या धाग्यांचा. केसाहून बारीक धागे आडवेतिडवे पसरले, दाबले, भट्टीत भाजले आणि मी झालो. मग न चिकटणाऱ्या तव्याला असतो तसला लेप माझ्या अंगभर चढवला. तेव्हापासून पाण्याशी माझं वाकडं.

वाशीमच्या एका कॉलेजात मी इंधन घटात कामाला लागलो. इंधन घट म्हणजे वीज करणारी चपटी पेटी. एका बाजूने हायड्रोजन येतो, दुसऱ्या बाजूने हवा. दोघांची गाठ पडली की वीज होते आणि मागे पाणी उरतं. ते पाणी माझ्यातून बाहेर जायचं आणि हवा माझ्यातूनच आत यायची. बाजाराच्या दिवशी एकाच बोळातून हातगाडी आत न्यायची आणि बैल बाहेर काढायचा, तशातली गत. पण मी निभावलं. माझ्या घटावर टेबलावरचा छोटा पंखा फिरला, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पंख्यासाठी वाजवल्या, पण मी त्या आपल्याच समजलो.

या घटावर सुकेशनीचं संशोधन होतं. ती जवळच्याच अनसिंग गावची. माझ्यातून पाणी कसं वाहील ते संगणकावर आधीच सांगायचं, हा तिचा विषय. त्यासाठी तिने बाहेरगावच्या मोठ्या यंत्रात माझ्या आतले फोटो काढून आणले आणि माझं प्रत्येक छिद्र संगणकात उतरवलं. इथवर सगळं छान. पण पाण्याने कसं वागायचं याचा नियम तिने जुनाच ठेवला. आधी तिने शेताच्या ओलाव्यावर काम केलं होतं. काळी माती पाणी ओढते आणि आधी बारीक छिद्रं भरतात, हे तिला लहानपणापासून ठाऊक. तोच नियम तिने मला लावला. संगणकातलं माझं शरीर बरोबर होतं, स्वभाव तेवढा मातीचा होता.

संगणक म्हणाला, मोठी छिद्रं मोकळी राहतील, हवेला वाट मिळेल, पंखा फिरत राहील. खरा पंखा मात्र थोड्या वेळाने गचके खाई आणि बंद पडे. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

तिचे मार्गदर्शक इंद्रभान सर शेवटी म्हणाले, "सुकेशनी, सोमवारी तुमचं काम तपासायला समिती येते आहे. तोवर गणित आणि घट जुळले नाहीत, तर विषय सोडावा लागेल. मलाही तुमची बाजू घेता येणार नाही."

कैक वर्षांची मेहनत पाण्यात जायची वेळ आली, आणि खापर फुटलं माझ्यावर.

"हा कागदच बिघडला," ती तिच्यासोबत काम करणाऱ्या मंजुषाला म्हणाली. "मी याले आता फेकूनच देतो."

तिने मला चिमट्याने घटातून काढलं, वाळवलं आणि खिडकीत ठेवलं. मला फार वाईट वाटलं. चूक माझी नव्हती, पण कागदाला तोंड कुठे असतं?

पाणी पिताना तिच्या बाटलीतला एक थेंब माझ्यावर पडला. तो पसरला नाही, मुरला नाही. गोल होऊन बसून राहिला. सुकेशनीने बाटली खाली ठेवली.

"मंजू, पाह्य ना. हा पाणी पिऊनच नाही राह्यला."

"मंग? छत्री पेते काय पाणी?" मंजुषा हसली.

सुकेशनी हसली नाही. "म्हणजे मी याले माती समजून राह्यली होती," ती सावकाश म्हणाली. "हा पाणी ओढत नाही. पाण्याले मागून रेटा बसते, मंग ते सगळ्यात रुंद वाट धरते. हवेचीच वाट."

लेपाची गोष्ट तिने वाचलेली होतीच. पण वाचलेलं आणि अंगवळणी पडलेलं यांत अंतर असतं.

तिने नियम बदलला. संगणकाने या वेळी एकच वाकडीतिकडी वाट काढली. सोमवारी मला काचेची खिडकी असलेल्या घटात बसवलं. सुकेशनीने काचेवर पेनने गोल काढून समितीला सांगितलं, "पाणी इथून निघेल. मग हवा अडेल आणि पंखा थांबेल."

आम्ही सगळे थांबलो. सुकेशनीचे हात ओढणीत गुंडाळलेले होते. गोलात पाण्याचा एक मोती फुगला, मागून दुसरा आला, आणि पंखा थांबला. आजवर ज्या थांबण्याने तिला रडवलं, तेच आज तिच्या बाजूने बोललं. समितीतल्या बाईंनी खुर्ची पुढे ओढली. इंद्रभान सर म्हणाले, "विषय सोडायचं नाव काढू नका आता."

आज मी डबीत पडून असतो. प्रयोग संगणकातल्या माझ्या प्रतीवर होतात. ती मळत नाही, झिजत नाही. अधूनमधून नवी मुलं डबी उघडतात. मित्रांनो, त्यांना आणि तुम्हाला माझी एकच विनंती आहे. मला चिमट्याने, कडेला धरा. मधोमध बोट दाबलं की माझे धागे तुटतात. आणि चुकून तुटलेच, तर लपवू नका, आधी संगणकाला कळवा, नाहीतर गणित पुन्हा चुकेल. त्याच्याकडचा मी अजून धडधाकट आहे.