कोरडा केर

चांगुणा कोपरगावची, पाटाच्या पाण्यावर वाढलेली. कर्जत तालुक्यातल्या सासरी आली ती नेमकी बाहत्तरच्या दुष्काळाच्या तोंडावर. "हिला पानी जपायचं काय ठावं!" असं तिची सासू राहीबाई आल्यागेल्याला सांगायची. मग चांगुणाही ईर्ष्येला पेटली. टँकरचं पाणी तिनं असं जपलं की सासूनं तोंडात बोटं घालावीत. झाडण्याआधी जमिनीवर पाण्याचा हबका मारतात, तोही तिनं बंद केला. कोरडंच झाडायची, पण कणगीमागून, खाटेखालून, वाशांवरून, कुठं म्हणून सोडायची नाही.

त्याच साली तिच्या नवऱ्याला दम्यानं धरलं. रंगनाथ गावातल्या शाळेत मास्तर. रोज सकाळी त्याच्या छातीत शिटी वाजू लागायची, हातातला चहा तसाच ठेवून तो खोकत बसायचा. डॉक्टरांच्या गोळीनं दुपारी बरं वाटायचं आणि सकाळी पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

"ही आली आन् माझ्या लेकाचा दम ग्येला," राहीबाई म्हणाली. पायगुणावर कुठल्या डॉक्टरकडं औषध असतं? चांगुणा चार दिवस माहेरी गेली, तर रंगनाथ चक्क सायकल मारत कर्जतला जाऊन आला. ती परतली आणि दुसऱ्याच सकाळी शिटी सुरू. राहीबाईनं चांगुणाच्या भावाला, सहादेवला, सांगावा धाडला: रविवारच्या एस.टी.नं ये आणि बहिणीला घेऊन जा, कायमची.

सगळ्यात वाईट हे, की सासू खोटं बोलत नव्हती. ती नसली की रंगनाथ बरा असतो, हे चांगुणालाही दिसत होतं. माझ्यात असं आहे तरी काय, या विचारानं तिचं डोकं फुटायची वेळ आली.

शुक्रवारी ती झाडत होती. कौलातल्या काचेतून कवडसा पडला होता आणि त्यात धूळ नुसती घुमत होती. कवडशापलीकडं रंगनाथ पोरांच्या वह्या तपासत बसलेला. तो खोकायला लागला तशी चांगुणा थबकली. माहेरी आई हबका मारून झाडते, तिथल्या कवडशात एवढी धूळ नसते. आणि आपण माहेरी गेलो की इथं कंबरदुखीनं वाकलेली सासू फक्त चुलीपुढं झाडू फिरवते.

शनिवारी तिनं आंघोळीचं सांडपाणी घमेल्यात धरलं, त्याचा हबका मारला, मग हलक्या हातानं झाडलं. खाट ओल्या फडक्यानं पुसली. रंगनाथनं चहा घेतला, आणि शिटी वाजली नाही. दम कोरड्या केराच्या धुळीनं लागतो, असं तिनं सासूला सांगितलं.

"एका दिसानं काय व्हतंय? गोळी लागू पडली आसंल," राहीबाई म्हणाली. "जायाचं न्हाई म्हनून केरावर ढकलतीस व्हय?"

रविवारी सहादेव आला. ओसरीवर टेकला, राहीबाईनं रीतीप्रमाणं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. रंगनाथ आतून म्हणाला, "आई, तुला खरं वाटत नाही ना? मग डोळ्यानं बघ. चांगुणा, कोरडं झाड. मी हितंच बसतो."

"झाड की," राहीबाई आत येऊन बसत म्हणाली.

चांगुणानं झाडू उचलला. त्याला धाप लागली तर ती राहणार होती, नाही लागली तर जाणार होती. देवा, लागू दे धाप, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच किळस आली. तिनं एक हात मारला. धूळ उठली, रंगनाथ खोकला. दुसरा हात मारला. त्याचे खांदे वर चढले, छातीतून बारीक शिटी आली.

तिनं झाडू फेकून दिला.

"मला न्हाई जमायचं. दादा, ऊठ, मी येते. आत्याबाई, मी ग्येल्यावर तेवढं पानी मारून झाडत जा. ह्यांच्यासाठी."

रंगनाथची शिटी तेवढी घरभर ऐकू येत होती. राहीबाई कंबर धरून उठली, ओसरीवर गेली. सहादेवनं तांब्या नुकताच तोंडाशी नेला होता. तो तिनं त्याच्या हातातून काढून घेतला, आत आली, आणि प्यायचं ते पाणी मुठी भरभरून जमिनीवर मारलं. तांब्या पार रिता झाला.

"सहादेवा," ती आतूनच म्हणाली, "च्या टाकते. पिऊन एकटाच जा."