अडतीस अंशांचा फरक

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर सासूबाई तीन आठवड्यांसाठी लेकीकडे राहायला आल्या. जिना चढायची मनाई होती, म्हणून त्यांची खाट खालच्या खोलीत टाकली. नेमका त्याच खोलीत जावयाचा कॉम्प्युटर होता. जावई घरी बसून इमारतींचे नकाशे करायचा आणि दुपारी काम उरकलं की तासभर गेम खेळायचा. सासूबाई आल्यापासून त्याने खेळाला हात लावला नव्हता. लेक दिवसभर ऑफिसात. हे दोघं घरात, आणि बोलणं काय, तर "उशी देऊ का?" आणि "नको, बरंय."

चौथ्या दिवशी सासूबाईच म्हणाल्या, "जावईबापू, माझ्यामुळे अवघडून बसू नका. खेळा की! मी तरी भिंतीकडे किती वेळ बघू?"

तो संकोचतच बसला. पडद्यावर एक मोठं तळं होतं आणि काठाने एक घोडेस्वार निघाला होता. दहा मिनिटं छान गेली. मग टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्यातले पंखे घोंघावायला लागले आणि घोडा ठेचकाळत, अडखळत चालू लागला.

"दमला वाटतं," सासूबाई म्हणाल्या.

"घोडा ठीक आहे, आई. आत ग्राफिक्स कार्ड असतं, ते चित्रं काढतं. ते फार तापलं की जळू नये म्हणून स्वतःच हळू होतं. महिनाभर हेच चाललंय."

"मग काय केलंत?"

"धूळ काढली. एक जादा पंखा लावला. सगळं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं."

"ताप किती होता?"

आकडे दिसायची सोय होती, पण जावयाने ते नीट लिहून कधी ठेवले नव्हते.

सासूबाई चौतीस वर्षं सिस्टर होत्या, त्यातली शेवटची अकरा वॉर्डच्या मुख्य. त्या खाटेवर सरळ बसल्या. "म्हणजे ताप न बघता तीन औषधं दिलीत! एक वही द्या इकडे."

वहीत त्यांनी पट्टीने रेघा मारल्या. दर दोन मिनिटांनी आकडा. रस्ता रोज तोच, तळ्याला वळसा. खिडकी बंद. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार कसं? जावई घोडा हाकायचा आणि आकडे वाचायचा, सासूबाई लिहायच्या. पहिल्याच तक्त्यात त्यांची पेन्सिल थांबली.

"हे दोन आकडे कसे? अडुसष्ट आणि एकशे सहा?"

"पहिला म्हणजे साधारण ताप. दुसरा कार्डातल्या चिपवरच्या सगळ्यात गरम जागेचा."

"एवढीशी चिप आणि तिच्यात अडतीस अंशांचा फरक? नेहमी एवढाच असतो?"

जावयाने शोधून पाहिलं. इतरांकडे बारा ते वीसच्या आसपास होता. तो खुर्चीत पुढे सरकला. आजवर तो पहिलाच आकडा बघत आला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्याचं झाकण काढून तेच तळं पार केलं. दोन अंश उतरले, बस्स. "म्हणजे हवा पुरतेय," सासूबाई म्हणाल्या. मग बराच वेळ त्या वाकून आत बघत राहिल्या. कार्ड आडवं बसवलेलं होतं, खाली चिपची उष्णता ओढून घेणारी जडशीळ धातूची जाळी आणि पंखे लोंबत होते. "याची कूस बदलता येईल?"

"कूस?"

"डबा आडवा करा. काही रोग्यांना नुसतं वळवलं तरी श्वास सुधारतो. बघू तर."

डबा आडवा केला. आता कार्ड उभं राहिलं, जाळीचं वजन खाली ओढेना. तळ्याला पुन्हा वळसा. एकशे सहाचे चौऱ्याण्णव झाले! जावयाने दोनदा डोळे चोळून पाहिलं.

"जाळी चिपला नीट चिकटलेली नाही," तो हळूच म्हणाला. "एका बाजूने सुटतेय."

सासूबाईंनी चष्मा खाली घेतला. रोग्याचे नातेवाईक काही लपवत असले की त्यांना आवाजावरून कळायचं. "याआधी हे कोणी उघडलं होतं?"

जावयाचे कान लाल झाले. "मीच. महिन्यापूर्वी. चिप आणि जाळीच्या मधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलायला. तेव्हा जाळीचा एक स्क्रू पडला, सापडलाच नाही. तसाच दिसणारा दुसरा लावून टाकला. हिला सांगितलं, कार्डच म्हातारं झालंय."

"आणि त्रास तेव्हापासूनच?"

"तेव्हापासूनच."

सासूबाई रागावल्या नाहीत. त्यांनी वहीत वरच्या कोपऱ्यात 'पूर्वेतिहास' असं लिहिलं आणि म्हणाल्या, "हे पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तर माझी अर्धी पेन्सिल वाचली असती."

कार्ड उघडलं. चिपवरची पेस्ट तीन कोपऱ्यांना नीट दबलेली होती, चौथ्याला जाड थर तसाच राहिला होता. त्या कोपऱ्यातला स्क्रू इतरांपेक्षा आखूड होता आणि त्याला स्प्रिंग नव्हती. तो घेऊन जावई दुरुस्तीच्या दुकानात गेला. तिथल्या कारागिराने तसल्याच एका जळलेल्या कार्डातून अस्सल स्क्रू काढून दिला.

"अवयवदान!" सासूबाई हसून हसून खोकल्या.

जावई भराभर नवी पेस्ट लावू लागला. सासूबाईंनी टॉर्च धरला. "घाई नको. रोगी कुठे पळून जात नाही." त्याने समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने पिळले. डबा उभा केला. तळ्याला वळसा, वीस मिनिटं. पंखे कुजबुजत राहिले. सहासष्ट आणि ऐंशी.

संध्याकाळी लेक आली तेव्हा दोघं वहीवर डोकी घालून बसले होते. जावई उठला आणि एका दमात सांगून मोकळा झाला, "ऐक, कार्ड म्हातारं वगैरे काही नव्हतं. मीच बिघडवलं होतं."

"काय? आणि मी महिनाभर तुला नवीन घे, नवीन घे म्हणतेय!"

"रोगी बरा आहे," सासूबाई म्हणाल्या. "नातेवाईकांनी वॉर्डात आवाज करू नये."

लेकीला हसू आवरेना. तिने पर्स ठेवली आणि खाटेच्या कडेला टेकली. "मग आता अजून काय बघताय एवढं?"

"फरक चौदा उरलाय. तेवढा इतरांकडेही असतो," जावई म्हणाला.

"पण तो का असतो, हे यांना सांगता येत नाही," सासूबाईंनी नवं पान उलटलं आणि पट्टी मागितली.