जिभेला चिकटणारं हाड

खाणीच्या फाटकापासून माझ्या दवाखान्यापर्यंत रांग लागली होती, आणि रांगेतला प्रत्येक जण जीभ बाहेर काढायला आला होता! मी दातांचा डॉक्टर. लोकांनी तोंड उघडावं म्हणून मला हातापाया पडावं लागतं. इथे सगळं आपखुशीने.

झालं होतं असं, की खाणीत सुरुंग उडाला आणि माणसाहून उंच, दगड झालेलं मांडीचं हाड निघालं. तिथल्या क्रेनवाल्याने आठवड्याभरात दाढी वाढवली, कफनी शिवली, हाडाचे दोन छोटे तुकडे फोडून घेतले आणि तो 'हाडबाबा' झाला.

"हा सत्याचा प्राणी!" तो गर्जायचा. "याची हाडं समुद्रापलीकडेही सापडलीत! एका उडीत समुद्र ओलांडला यानं! खऱ्याच्या जिभेला हे हाड धरून बसतं, खोटारड्याच्या जिभेवरून गळून पडतं!"

आणि हाड खरंच चिकटायचं. लोक टाळ्या पिटायचे. एकच तुकडा शंभर जिभांवरून फिरताना पाहून मी मात्र तोंड फिरवायचो.

तोवर गंमत होती. मग समोरच्या शिलाईवाल्या वहिनीची पाळी आली. तिच्या थोरल्या जावेची सोन्याची साखळी हरवली होती. जाऊ आधी एकटीच जाऊन बाबाच्या कानाला लागून आली. नंतर सगळ्यांसमोर वहिनी म्हणाली, "मी साखळीला हातही लावला नाही," आणि हाड तिच्या जिभेवरून टपकन खाली पडलं.

संध्याकाळी दिराने तिचं शिलाई मशीन रस्त्यावर आणून टाकलं होतं आणि ती त्याला टेकून बसली होती.

"डॉक्टर, आता मलाच वाटायला लागलंय," ती म्हणाली, "मी झोपेत तर नाही ना घेतली?"

माझं डोकंच फिरलं. माझी थोरली बहीण शाळेत भूगोल शिकवते. सगळं गाव तिला 'बाई' म्हणतं, आणि आता मीही. तिला हे सांगितलं, तर तिने एवढंच विचारलं, "हाड ओलं होतं की कोरडं?"

मी आठवून पाहिलं. इतरांना डबीतला कोरडा तुकडा, वहिनीला मात्र 'शुद्ध करून' पातेल्यातल्या पाण्यातून काढलेला.

"चल उद्या," बाई म्हणाल्या.

सकाळी त्या सरळ बाबासमोर गेल्या आणि त्यांनी डबीतला तुकडा उचलला. "मी सोळा वर्षांची आहे!" असं ठणकावून त्यांनी तो जिभेवर ठेवला. छप्पन्न वर्षांच्या बाईंना हाड जळूसारखं चिकटलं! रांगेत खसखस पिकली. मग पातेल्यातला तुकडा घेतला. "दोन आणि दोन चार!" टपकन खाली.

"काय बाबा, माझं गणित चुकलं?"

"हाडाचा कोप होईल!" बाबा ओरडला.

"कोप कसला? या हाडात बारीक बारीक छिद्रं आहेत. कोरडी असली की थुंकी शोषतात, म्हणून हाड चिकटतं. आधीच पाण्याने भरलेली असली की कशाला चिकटेल? जिच्यावर संशय, तिला भिजलेला तुकडा. एवढीच तुमची विद्या!"

"आणि समुद्र? तो कसा ओलांडला?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

"ओलांडायला समुद्र होता कुठे?" बाई खुलल्या. "आपला देश आणि दक्षिणेकडचे सगळे खंड तेव्हा एकमेकांना जोडलेले होते. हे हाड ज्यांचं, ते डायनासोर चरत चरत पायी फिरले. पुढे जमीन दुभंगली आणि नखं वाढतात तितक्या सावकाश सरकत गेली, कोट्यवधी वर्षं. म्हणून एकाच कुळातल्या प्राण्यांची हाडं दूरदूरच्या किनाऱ्यांवर सापडतात. उडी प्राण्याने नाही मारली, तुमच्या बाबाने मारली!"

बाबा दुपारपर्यंत पसार झाला. शिलाई मशीन वहिनीच्या दिरानेच उचलून घरात नेलं. जाऊ दारात उभी होती. खाली मान घालून एवढंच म्हणाली, "चुकलं माझं." वहिनी तिच्या शेजारून सरळ आत गेली आणि मशीनमध्ये दोरा ओवू लागली. मला ते योग्यच वाटलं.

साखळी कुणी घेतली, ते आजही कुणाला माहीत नाही. हाडालाही माहीत नव्हतं. त्या हाडाला कोट्यवधी वर्षांपूर्वीची हकिगत ठाऊक आहे. ती ऐकायची तर अभ्यास करावा लागतो. आणि शेजारीण चोर आहे का, हे ठरवायचं तर पुरावा लागतो. तो नसेल, तर "माहीत नाही" म्हणावं. एवढं म्हणायला कुणाचीही जीभ रेटावी.