ओळंब्यापुढची भिंत

मी ओळंबा बोलतोय. शिशाचा गोळा आणि त्याला बांधलेली दोरी, एवढाच माझा देह; भिंत सरळ उभी आहे की कललेली, हे दाखवणे माझे काम. प्राचीन इस्राएलच्या इब्री (हिब्रू) संदेष्ट्यांच्या धर्तीवरची माझी कथा तीन रूपांत सांगतात. एकात नगराची भिंत देवाच्या कोपाने कोसळते, दुसऱ्यात शत्रूच्या धडकेने. तिसरे रूप क्वचितच ऐकू येते, कारण त्यात दोष ढकलायला कोणी परका सापडत नाही. मी तेच सांगतो.

माझा धनी गवंडी. भिंत त्याच्या आजाने आरंभली, बापाने वाढवली, त्याने पुरी केली. घराण्याची रीत अशी, की वरचा थर खालच्या थराशी जुळवायचा. शेजारच्या नगरांतून भिंत तपासायचे बोलावणे आले, तरच मला बाहेर काढत. घरच्या कामाला मी खुंटीवर. याच भिंतीच्या आतल्या अंगाला, अगदी खेटून, गवंड्याच्या मुलीचे घर होते.

एका सकाळी वेशीत एक मेंढपाळ येऊन उभा राहिला आणि शेजारच्या राष्ट्रांवर येणारा देवाचा न्याय सांगू लागला. एकाने विहिरी बुजवल्या होत्या, दुसऱ्याने शरण आलेल्यांना विकले होते. गर्दी खुशीत आली.

"बरी जिरली त्यांची," नगरप्रमुख म्हणाला. "बोल बाबा, थांबू नकोस."

"थांबत नाहीच. निवाडे होतात त्या या वेशीत दुबळ्याचा दावा कोणी ऐकून घेत नाही. आता तुमची पाळी." त्याने गवंड्यापुढे हात केला. "ओळंबा आण."

मेंढपाळाने मला भिंतीच्या माथ्यावरून आतल्या बाजूला सोडले. मी स्थिरावलो, तेव्हा माझ्यात आणि पायथ्यात हातभर अंतर होते. भिंत मुलीच्या छपराकडे झुकली होती.

"वाऱ्यानं हलला असेल," नगरप्रमुख म्हणाला. वारा पडलेला होता. "गवंडीदादा, सांगा सगळ्यांना, भिंत नीट आहे म्हणून. आणि जपून बोला, तुमच्या आजोबांचं नाव आहे त्यात."

मुलगी तान्ह्याला कडेवर घेऊन दाराशी उभी होती.

"बाबा, मी घरात जाऊ का नको, तेवढं सांगा."

मी आजवर एकही भिंत पाडलेली नाही. परक्याच्या आणि आपल्या भिंतीपुढे मी एकाच रेषेत लोंबतो. राष्ट्रांच्या न्यायाचा अर्थ मला तरी इतकाच उमगला आहे. भिंत उभी असतानाच मला सोडतात, त्या अर्थी काही करायला अवधी उरलेला असतो. पण तो किती, हे मलाही ठाऊक नसते. मागे दगडांच्या सांध्यातून चुना झरत होता.

"पडेल, हे सांगायला आलोय," मेंढपाळ हलकेच म्हणाला. "पडावी म्हणून नाही."

गवंड्याने माझी दोरी बोटांत धरली, पायथ्याकडे पाहिले आणि सोडून दिली.

"नको जाऊस, पोरी. भिंत वाकडी आहे. आमच्याच हातची."

नगरप्रमुख तोंड फिरवून निघून गेला. गवंड्याने पहार मागवली, शिडी लावली, आणि माथ्यावर स्वतः बसवलेला दगड उचकटून बाहेरच्या अंगाला टाकला.